पाठमोरा राजा

गुणाजी घाडीगावकरांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. पण ऑपरेशनचा विषय निघाला की ते चारकोपच्या आपल्या दोन खोल्यांतून उठत, कठडा धरून एकेक पायरी उतरत आणि सोसायटीच्या बाकावर जाऊन बसत. विषय संपला असेल असा अंदाज घेऊन परत वर. दुसरा मजला चढायला दहा मिनिटं लागत आणि दारात पोचल्यावर चेहरा असा, की पेपर आणायला गेलो होतो.

डॉक्टरांनी तसं वाईट काही सांगितलं नव्हतं. वाट्या बदलल्या की चालाल, फिराल, जिना चढाल. फक्त मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि पाय आपटायचा नाही. घोडं अडलं होतं ते या तिसऱ्या गोष्टीवर. गुणाजी चाळीस वर्षं दशावतारात राजपार्ट करत आले होते, आणि दशावतारातला राजा पाय आपटतच येतो. पोटासाठी त्यांनी आधी मिलच्या सूतखात्यात काम केलं, मिल बंद पडल्यावर आकुर्ली रोडच्या एका औषध कारखान्यात बावीस वर्षं वॉचमनकी केली. पण कोणी विचारलं, काय करता, तर उत्तर ठरलेलं. "राजपार्ट." विचारणाऱ्याला पुढे काय विचारावं ते सुचत नसे.

त्यांची एंट्री बघायला माणसं विरार-भांडुपवरून येत. पखवाजावर त्यांच्या दशावतारी मंडळातल्या काशीरामची थाप पडली की गुणाजी एका गुडघ्यात वाकायचे, दुसरा पाय उचलायचे, तो हवेत अर्धी मात्रा तसाच धरायचे आणि मग आपटायचे. पाऊल, थांबा, थाप. ती हवेतली अर्धी मात्रा त्यांना कोणी शिकवली नव्हती, ती त्यांची स्वतःची. त्या अर्ध्या मात्रेत हॉलमधली पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची. एरवी बायकोला घाबरणारा आणि वीजबिलाच्या रांगेत मागे ढकलला जाणारा हा माणूस तेवढ्यापुरता खरोखर राजा असे, हे मान्यच करायला हवं.

हर्षद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वय चौतीस. अंधेरीला, साकीनाक्याच्या अलीकडे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी होती, तिथे तो अ‍ॅनिमेशनचा प्रमुख होता. प्रमुख म्हणजे हाताखाली तीन जण. गेममधली माणसं कशी चालतात, वळतात, पडतात, मरतात हे तो ठरवायचा. कंपनीचा नवा गेम होता 'पाताळगड'. त्यात चंद्रसेन नावाचा राजा तलवार घेऊन पाताळात उतरतो आणि राक्षसांच्या फौजेतून वाट काढत आपला गड परत मिळवतो. आता राजा म्हटल्यावर त्याला चाल हवी. हर्षदने नेटवर तयार मिळणाऱ्या चाली आणून लावल्या. गेमची सर्वेसर्वा होती गंधाली, मुलुंडची, जीभ फटकळ पण नजर पक्की. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "हा राजा आहे? हा जिममधून सुटलाय रे. आत्ता प्रोटीन शेक मागेल."

वैतागून हर्षदने मोबाइलवर बापाची एंट्री दाखवली. गणपतीत कामगार कल्याण केंद्राच्या हॉलमध्ये कोणीतरी काढलेला हलता, अंधारा व्हिडिओ. गंधालीने तो अकरा वेळा पाहिला.

घरी येऊन हर्षदने विचारलं तेव्हा गुणाजींनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझी चाल कॉम्प्युटरात ऱ्हवतली?"

"हो."

"मी गेल्यावर पण?"

"बाबा, गेम लाखो लोक खेळतात. कायमची राहील."

"मग आधी ती घे," गुणाजी म्हणाले. "मगे कापा गुडघे."

गुणाजींच्या बायकोने, रत्नप्रभाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. दोन वर्षं जे त्यांना जमलं नव्हतं ते एका खेळाने जमवलं होतं.

गोरेगावला तीन दिवस एक हॉल भाड्याने घेतला. चहूबाजूंनी कॅमेरे, आणि मधे गुणाजी, अंगाला चिकटणाऱ्या काळ्या कपड्यात, जागोजागी पांढऱ्या गोळ्या चिकटवलेल्या. त्या गोळ्या हलतील तशी चाल कॉम्प्युटरात उतरायची. त्यांनी वरून कमरेला उपरणं गुंडाळलं. ते सोडवायला अर्धा तास विनवण्या कराव्या लागल्या. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता.

"काका, एक लक्षात घ्या," गंधालीने समजावलं, "आपला गेम थर्ड पर्सन आहे. कॅमेरा तुमच्या मागे, पाच पावलं मागे आणि थोडा वर. जो खेळतो त्याला राजा सतत पाठमोरा दिसतो."

"सतत?"

"वीस तास तरी."

"आणि तोंड?"

"कधीतरी. खेळ थांबवून मधे थोडी गोष्ट दाखवतो, तेव्हा."

गुणाजींनी डोक्याला हात लावला. त्यांच्या मास्तरांनी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, लोकांना पाठ दाखवायची नाही. चाळीस वर्षं ते रंगमंचावरून उलट्या पावलांनी आत गेले होते. आणि ही पोरगी म्हणत होती, फक्त पाठच दाखवा.

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. गुणाजींनी त्या दिवशी घरी येऊन शेजारच्यांचा आरसा मागून आणला, आपल्या कपाटाच्या आरशासमोर उभा केला आणि दोहोंच्या मधे राहून मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघितली. "चाळीस वर्षां पुढून बगलंत, आता मागून बगा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, पण आरसा त्यांनीच धरून ठेवला होता. गर्व मानेत कुठे बसतो, जखम झाल्यावर खांदा कुठून खचतो, भीती वाटली तरी राजाने ती पाठीला कळू द्यायची नाही, हे सगळं या माणसाने चौसष्टाव्या वर्षी दोन संध्याकाळींत शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर त्यांची पाठमोरी चाल उमटली तेव्हा गंधालीने चष्मा काढून पुसला. गुडघ्यांना त्या दिवशी इंजेक्शनं दिलेली होती, हे तिला माहीत नव्हतं.

इथपर्यंत सगळं झकास होतं. पण गुणाजींना गप्प बसणं कुठे ठाऊक? हर्षद ऑफिसात पडद्यावर पावलं जुळवत बसला की तेही तिथे हजर, आणि मागून म्हणायचे, "चुकलास. थय नाय, अर्धी मात्रा पुढे." एकदा नाही, दहादा. आणि मग, हर्षदच्या विभागातली प्रांजल आणि दोघं पोरं चहा पीत उभी असताना, त्यांनी ती गोष्ट सांगितली. हर्षद सात वर्षांचा असताना त्याला त्यांनी राजपुत्र रोहिदासाच्या पार्टात उभा केला होता. पखवाज वाजला, पोराला पाय उचलायचा समजेना, भर हॉलमध्ये चड्डी ओली केली आणि रडत आईकडे पळाला. "ह्येका ताल नायच," गुणाजी हसत म्हणाले. "जन्माचो बेताल."

सगळे हसले. हर्षदही हसला, हसण्यावाचून गत नव्हती. आठवड्याने त्याला एका चॅटमध्ये चुकून दिसलं, की पोरांनी त्याचं नाव बेताल ठेवलंय. द्वेषाने नव्हे, लाडानेच. पण हर्षदला ते लागलं, आणि लागलेलं त्याने कोणाला सांगितलं नाही. वाईट तेच झालं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. दोन्ही वाट्या बदलल्या. गुणाजी वॉकर धरून चालायला लागले. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणे, "आजोबा, पाय उचलू नका, सरकवा." ते निमूट सरकवत. रत्नप्रभाबाईंना वाटलं होतं हे रुसतील, रडतील. तसलं काही झालं नाही. भेटायला येईल त्याला ते सांगत, "माझी चाल अंधेरीक असा. सुखरूप असा."

फेब्रुवारीत गेमला भांडवल पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस बंगळूरहून स्क्रीनवर आला आणि म्हणाला, दिवाळीच्या आत गेम बाजारात हवा. थर्ड पर्सनला फार वेळ लागतो. राजाचं सगळं शरीर दिसतं, म्हणजे जिना चढताना, भिंतीला टेकताना, पाण्यात, चिखलात, प्रत्येक ठिकाणी ते शरीर हलवा. शिवाय कॅमेरा मागच्या भिंतीत घुसतो तो निस्तरा. त्यापेक्षा फर्स्ट पर्सन करा. कॅमेरा राजाच्या डोळ्यांत. खेळणारा तोच राजा. राजा दिसण्याचा प्रश्नच मिटला, तलवार धरलेले दोन हात दिसले की झालं.

स्क्रीन बंद झाल्यावर गंधालीने सगळ्या विभागासमोरच विचारलं. "हर्षद, मला हे पटत नाही. माझा राजा मला दिसायला हवा. मी त्यांच्याशी भांडायला तयार आहे, पण अ‍ॅनिमेशन तुझं आहे. आठ महिन्यांत थर्ड पर्सन पूर्ण होईल का? तू हो म्हण, बाकी मी बघते."

हर्षदने त्याच सकाळी गणित मांडलं होतं. साडेसात महिने निघत होते. रगडून निघाले असते सगळे, पण झालं असतं. तो कागद त्याच्या खिशात होता.

"नाही होणार," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. वाट लागेल आपली."

प्रांजलने सुटकेचा श्वास सोडला. गंधालीने मान हलवली आणि विषय संपला.

का म्हणाला तो असं? पुढे त्याने स्वतःला बरीच कारणं दिली. पोरांना झोप मिळाली पाहिजे, कंपनी टिकली पाहिजे, एवढं मोठं काम आपल्या आवाक्याबाहेरचं. सगळी थापाथापी. खरं कारण एकच होतं. अजून आठ महिने रोज बारा तास बापाच्या पाठीमागून पाच पावलांवर चालायचं, ही कल्पनाच त्याला सोसवली नाही. जन्मभर तो तेच करत आला होता. गावच्या जत्रेत, मंडळाच्या हॉलमध्ये, चारकोपच्या बाजारात, सगळीकडे लोक म्हणत, हा गुणाजीचा झील. झील म्हणजे मुलगा, एवढीच त्याची ओळख. गुणाजी पुढे, हा मागे. आता एका शब्दात ती पाठ समोरून दूर होणार होती, आणि त्याने तो शब्द उच्चारला. त्याला हलकं वाटलं, हे विशेष. त्या दिवशी त्याने ऑफिसात सगळ्यांना वडापाव खिलवला.

घरी मात्र त्याने सांगितलं, "बाबा, कंपनीने फिरवलं. आता राजा दिसणार नाही. वरून ऑर्डर आली."

गुणाजी खाटेवर गुडघ्यांना बर्फ लावून बसले होते. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. खेळणाराच राजा म्हणजे काय, मग राजा कोणाला दिसतो, कोणालाच नाही का. बर्फ वितळून चादर भिजली तरी हलले नाहीत. शेवटी त्यांनीच मुलाची समजूत काढली. "जाऊ दे. तुज्या हातात थोडाच होता. नोकरमाणूस तू." आणि थोड्या वेळाने, "ती माझी चाल तरी असा ना थय?"

"आहे ना. सर्व्हरवर आहे. वापरू कुठेतरी."

रत्नप्रभाबाई मुलाकडे बघत होत्या. त्यांना शंका आली असावी, पण त्या भाकऱ्या थापायला उठल्या.

मे महिन्यात प्रांजलने चॅटवर विचारलं, 'सर, राक्षसांच्या चाली फार फालतू वाटतायत. फर्स्ट पर्सनमध्ये समोरचाच तेवढा दिसतो, मग तोच भारी हवा ना? काकांची चाल नुसती पडून आहे. राक्षसांना लावू? वाया जायला नको यार.' हर्षद कसल्याशा मीटिंगमध्ये होता. त्याने अंगठा दाखवला. एक अंगठा, आणि काम झालं. दोन आठवड्यांनी त्याने ते पडद्यावर पाहिलं. हिरवी कातडी, वाकडी शिंगं, आणि खाली बापाचे पाय. पाऊल, थांबा, थाप. पण तोवर चाळीस राक्षसांना ती चाल लागली होती आणि गंधालीने वाहवा केली होती. शिंगं आहेत, कोण ओळखणार, असं म्हणून त्याने फाइल बंद केली.

दिवाळीच्या आधी 'पाताळगड' आला. बऱ्यापैकी चालला. खेळणाऱ्यांनी लिहिलं, राक्षस जबरदस्त आहेत, पाय हवेत धरतात त्या क्षणी आपण घाई करून तलवार मारतो आणि मरतो. हर्षदला बढती मिळण्याची बोलणी सुरू झाली.

काशीरामला आणि मंडळातल्या चौघांना गेम बघायचा होता. हर्षदने दोनदा टाळलं. "त्यात बाबा कुठे दिसत नाहीत हो," तो म्हणाला. पण गुणाजीच म्हणाले, "येऊ देत. खंय तरी वापरलीच असतली." आणि प्रांजलला कुठून तरी कळलं. तिला काकांचं फार होतं. रविवारी दुपारी चार वाजता ती गेमचं मशीन पाठीवर घेऊन, एक ढोकळ्याचं खोकं घेऊन चारकोपला हजर. "काका, तुमच्यासाठी सरप्राइज आहे!"

तिने टीव्हीला जोडलं. मंडळी खाटेवर, खुर्च्यांवर, जमिनीवर. गुणाजी उंच खुर्चीत, काठी मांडीला टेकवून. हर्षद दारापाशी उभा, वेळ पडली तर बाहेर निघता यावं असा.

पडद्यावर काळी गुहा आली, तलवार धरलेले दोन हात आले. गुहेच्या टोकाला धूर. धुरातून राक्षस निघाला. एका गुडघ्यात वाकला, दुसरा पाय उचलला, हवेत धरला.

"थांब!" काशीराम ओरडला. "अरे, ह्यो गुणाजी!"

तीस वर्षं पखवाज मांडीवर घेऊन त्याने फक्त ते दोन पायच बघितले होते. शिंगांनी तो काय फसणार? पाय आपटला तशी काशीरामने मांडीवर थाप दिली, बिनचूक. सगळे उसळले. "गुणाजीच रे! शंभर टक्के!" टाळ्या पडल्या. पुढच्याच क्षणी प्रांजलने तलवार चालवली, राक्षसाचं मुंडकं उडालं आणि धड गुडघ्यांवर कोसळलं. टाळ्या जरा उशिराने थांबल्या. मग दुसरा आला, तिसरा आला. पाऊल, थांबा, थाप, आणि मुंडकं. चौथ्या खेपेला काशीरामने मांडीवर हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सगळे राक्षस काकाच आहेत," प्रांजल आनंदाने सांगत होती. हात चालूच. "चाळीसच्या चाळीस! तसे काका हिरोच होते. पण सर त्या दिवशी आठ महिन्यांत होणार नाही म्हणाले म्हणून वाचलो आम्ही, नाहीतर काम करून करून मेलो असतो. गंधाली मॅम तर भांडायला तयार होत्या. सरांनीच नाही म्हटलं. आणि ही चाल राक्षसांना लावायला पण सरांनीच..."

तिचं वाक्य आपोआप हळू होत गेलं. काहीतरी चुकलं हे तिच्या लक्षात आलं. काय चुकलं ते मात्र आलं नाही. रत्नप्रभाबाईंनी ढोकळ्याचं खोकं उघडलं आणि तसंच बंद केलं.

गुणाजी हर्षदकडे वळलेसुद्धा नाहीत. "बाय गो," ते प्रांजलला म्हणाले, "माका दे बगू ता."

तिने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला, कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. गुणाजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे राजाची नजर खाली वळवली. पडद्यावर नुसती फरशी आली.

"माझे पाय खंय?"

"काका, फर्स्ट पर्सनमध्ये पाय नसतात," प्रांजल हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणजे फक्त डोळे."

"बरा."

त्यांनी नजर वर केली. धुरातून राक्षस आला. गुणाजींनी तलवारीचं बटण दाबलं नाही. आपली एंट्री समोरून अंगावर येताना कशी दिसते हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? त्या वेळी ते आत असत. राक्षस जवळ आला, पाय हवेत थांबला, आपटला, आणि त्याने वार केला. पडदा लाल झाला. राजा मेला. गेम पुन्हा सुरू झाला. पुन्हा गुणाजी नुसते बघत राहिले, पुन्हा मेले. तिसऱ्यांदाही तेच. कोणाला हसू आलं नाही आणि कोणाची उठायची छाती झाली नाही.

"बरी होती," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले आणि कंट्रोलर परत दिला. मग त्यांनी सगळ्यांना आग्रह करून ढोकळा खायला लावला, प्रांजलच्या आईवडिलांची चौकशी केली, काशीरामच्या सुनेची केली. माणसं गेली.

हर्षद वाट बघत राहिला. बापाने शिवी द्यावी, काठी फेकावी, निदान खोटं का बोललास एवढं तरी विचारावं. तसं झालं असतं तर त्यालाही उलटून बोलता आलं असतं. सात वर्षांच्या पोराची चड्डी परक्यांसमोर काढणारे तुम्ही कोण, हे विचारता आलं असतं. सगळं ओठांवर तयार होतं. गुणाजींनी त्याला तेवढंही दिलं नाही.

"ती चाल काढून टाक," ते म्हणाले.

"बाबा, लोकांना सगळ्यात तीच आवडलीय."

"आवडू दे. राजाची चाल ती. राक्षसाच्या अंगार नको."

"मग ती कुठेच राहणार नाही. मुळातला सगळा माल बंगळूरच्या कंपनीकडे असतो. गेम बाजारात आल्यावर जे त्यात नसेल ते महिन्याभराने पुसतात. आणि तुम्ही आता परत..." तो थांबला. बापाच्या गुडघ्यांकडे न बघण्याचा त्याने प्रयत्न केला.

"म्हायत असा," गुणाजी म्हणाले. "काढ."

सोमवारी त्याने ती काढली. गंधालीला सांगितलं, तांत्रिक भानगड आहे, राक्षस मधेच अडकतात. तिने संशयाने बघितलं पण अडवलं नाही. प्रांजल दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. मनात आलं असतं तर त्याला बापाशी पुन्हा एकदा खोटं बोलता आलं असतं. काढली म्हणायचं आणि ठेवायची, गुणाजी थोडेच तपासायला येणार होते. तो तासभर त्या बटणासमोर बसला. मूळ फाइल गुपचूप घरी आणावी असंही मनात आलं. पण आणून दाखवायची कोणाला? त्याने नेटवरून दुसरी एक तयार चाल घेतली, चाळीस राक्षसांना लावली, पावलं तपासली आणि गेमचं नवं रूप सगळीकडे पाठवून दिलं. त्या एका दुपारी जगभरातल्या मशीनांवरून गुणाजी घाडीगावकर पुसले गेले, आणि ते काम त्यांच्या मुलाने मन लावून, एकही चूक न करता केलं.

दोन दिवसांनी खेळणाऱ्यांचे शेरे आले. राक्षस आता सोपे झालेत, मस्त वाटतं, असाच सुधारत राहा. बाकी कोणाला फरक कळला नाही.

महिना उलटल्यावर एका संध्याकाळी गुणाजींनी विचारलं. रत्नप्रभाबाई मटार सोलत होत्या, टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"पुसली काय रे ती?"

"पुसली. कालच."

"आता राक्षस कोणाची चाल चालतत?"

"तयार मिळते बाबा. परदेशातला कोणीतरी असतो, त्याची घेतलेली असते."

"नाव काय तेचा?"

"नाव नसतं त्यात."

गुणाजींनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. "तेका झील असात काय?"

"मला काय माहीत, बाबा."

"नसतलो," गुणाजी म्हणाले. "म्हणान तेची चाल ऱ्हवली."